तोस्का, १९५३ : एका आवाजाचे पाठभेद

मारिया कॅलासचा आवाज मला कित्येक वर्षं आवडत नव्हता. हे उघड बोलायची सोय नव्हती, कारण ऑपेरा ऐकणाऱ्यांत असं म्हणणं म्हणजे आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत बसून केसरबाई आवडत नाहीत म्हणण्यासारखं. माझ्याकडे पुच्चीनीच्या 'तोस्का'ची कॅसेट होती, एका मित्राने सीडीवरून भरून दिलेली. कुठल्या आवृत्तीची सीडी, हे विचारायचं मला तेव्हा सुचलंही नाही. बाई वरच्या पट्टीत गेल्या की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटायचं. 'अभिनय थोर, आवाज करकरीत' असा निकाल मी लावून टाकला होता.

पुढे त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी आवृत्ती कानावर पडली, मग तिसरी, आणि ध्यानात आलं की त्या करकरीतपणातला बराच भाग बाईंचा नव्हताच. तो कॅसेटचा होता, सीडी करणाऱ्याचा होता, माझ्या स्वस्त हेडफोनचाही होता. मग बाईंचा नेमका किती होता? हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. एकाच ध्वनिमुद्रणाच्या पाच-सहा आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकण्याचा खटाटोप मी त्यापायी केला. त्यात हौस आहे हे मान्य, पण एका गायिकेवर आपण चुकीचा निकाल दिला होता का, हे तपासणंही आहे.

आधी मूळ वस्तू काय आहे ते पाहू. ऑगस्ट १९५३मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ईएमआयने हे ध्वनिमुद्रण केलं. निर्माता वॉल्टर लेग, संचालक व्हिक्टर दे साबाता. तोस्का कॅलास, तिचा प्रियकर चित्रकार काव्हारादोस्सी ज्युसेप्पे दी स्तेफानो आणि पोलीसप्रमुख स्कार्पिया तीतो गोबी. कॅलासचं वय तेव्हा एकोणतीस. दे साबाता हट्टी माणूस. पहिल्या अंकातल्या जागा त्याने गोबीकडून पुन:पुन्हा, तीसेक वेळा गाऊन घेतल्या अशी आठवण सांगतात. त्याच वर्षी पुढे त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचं संचालन जवळजवळ थांबलं. स्टुडिओसाठी त्याने केलेला हा एकमेव संपूर्ण ऑपेरा.

हे सगळं मोनोमध्ये आहे. स्टिरिओ अगदी उंबरठ्यावर होता, काही कंपन्यांनी पुढच्या एक-दोन वर्षांत त्यात ध्वनिमुद्रणं सुरूही केली. कॅलासने डिसेंबर १९६४मध्ये पॅरिसला 'तोस्का' पुन्हा ध्वनिमुद्रित केला, तो स्टिरिओत. गोबी तोच, संचालक जॉर्ज प्रेत्र. यंत्राच्या दृष्टीने तो सरस. ऑर्केस्ट्रा डावीकडून उजवीकडे पसरलेला, वाद्यं सुटी सुटी. पण अकरा वर्षांत आवाज झिजला होता. जाणकारांनी मोनो सोडला नाही. 'चांगला आवाज' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, गळ्याचा आणि यंत्राचा. इथे दोन्ही अर्थ एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले आणि गळा जिंकला. तेव्हापासून प्रत्येक पिढीतले तंत्रज्ञ त्या गळ्याला बरं यंत्र मिळवून देण्याच्या खटपटीत आहेत.

तुलनेची माझी पद्धत साधी आहे. सगळ्या आवृत्त्या एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, एकाच हेडफोनने आणि एकाच पातळीवर. पातळीचा नियम सर्वांत महत्त्वाचा. दोन सारख्या ध्वनींपैकी जो किंचित मोठा तो कानाला जास्त स्पष्ट, जास्त जिवंत वाटतो. नव्या आवृत्त्या पुष्कळदा नुसत्या मोठ्या असतात आणि आपण त्यांना चांगल्या म्हणून मोकळे होतो. जागा तीन निवडल्या. पहिली, पहिल्या अंकाच्या अखेरचा चर्चमधला प्रसंग : घंटा, ऑर्गन, तोफेचे बार, समूहगान आणि या सगळ्यावर गोबी. दुसरी, दुसऱ्या अंकातलं तोस्काचं एकटीचं गाणं, जिथे ती देवाला जाब विचारते. तिसरी, स्कार्पियाचा खून केल्यावर ती एकाच खालच्या स्वरावर, बोलल्यासारखी उच्चारते ती ओळ. पहिलीत टेपची ताकद कळते, दुसरीत गळ्याची, तिसरीत शांततेची.

सुरुवात जुन्या मोनो तबकडीपासून. खरखर आहे, मधूनच टकटक आहे, तोफेच्या प्रसंगात सुईला ओझं झेपत नाही. पण आवाज एकसंध आहे. गाणारी बाई कुठेतरी उभी आहे, तिच्यामागे नाट्यगृहाची पोकळी आहे, आणि आवाज त्या पोकळीत जाऊन परत येतो हे कळतं. लहानपणापासून अब्दुल करीम खाँ तबकडीच्या खरखरीतून ऐकत आलेल्या आपल्या कानांना हे जड जात नाही. खरखर एका थरात राहते, गाणं दुसऱ्या.

मग सत्तरच्या दशकातला तो विचित्र प्रकार : मोनोचा बळेच केलेला स्टिरिओ. स्टिरिओ यंत्रं घरोघर आली, मोनो तबकड्या खपेनात, तेव्हा कंपन्यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांवर प्रक्रिया केली. साधारण रीत अशी की खालचे स्वर एका बाजूला झुकवायचे, वरचे दुसऱ्या, मध्ये थोडा विलंब आणि घुमारा घालायचा. कॅलासही यातून सुटली नाही. परिणाम असा की ती खाली असते तेव्हा एका ठिकाणी असते आणि वर चढली की सरकते. बाई गाता गाता चालतेय की काय असं वाटतं. ही आवृत्ती आज कोणी शिफारस म्हणून सांगणार नाही. पण तिने एक गोष्ट शिकवली. पुनर्मुद्रण करणारा माणूस बाजाराच्या दबावाखाली मूळ संहितेत क्षेपक घालू शकतो, आणि काही वर्षं तेच मूळ म्हणून खपतं.

ऐंशीच्या दशकात सीडी आली. तिच्या पहिल्या 'तोस्का'त फारशी कारागिरी नाही. टेपची सळसळ सरळ ऐकू येते. वरचे स्वर कोरडे आहेत, खाली भरणा कमी. तरी ही प्रत प्रामाणिक वाटते, मिळालं ते नकलून काढणाऱ्या लेखनिकासारखी. १९९७मध्ये, कॅलासच्या निधनाला वीस वर्षं झाली तेव्हा, 'कॅलास एडिशन' आली. माझ्या कानाला इथे वरचा भाग उचललेला वाटतो. शब्द अधिक लख्ख होतात, व्हायोलिनना धार येते. पण दुसऱ्या अंकातल्या गाण्याच्या शिखरावर तीच धार आवाजालाही लागते. माझ्या कॅसेटमधला पत्रा मला इथे पुन्हा भेटला.

यानंतरचा प्रकार कायद्याने घडवला. युरोपात ध्वनिमुद्रणांचं संरक्षण तेव्हा पन्नास वर्षांचं होतं. १९५३च्या 'तोस्का'ची मुदत २००३च्या अखेरीस संपली. २०११मध्ये ही मुदत सत्तर वर्षांवर नेली, पण सुटलेल्या ध्वनिमुद्रणांना ती परत लागू झाली नाही. त्यामुळे नॅक्सोसने आपली आवृत्ती काढली. मूळ टेप त्यांच्याकडे नव्हत्या. मार्क ओबर्ट-थॉर्न या जुन्या तबकड्यांच्या जाणकाराने चांगल्या तबकड्या मिळवून त्यांवरून ती केली. तर्काने पाहिलं तर ही नक्कल ईएमआयच्या टेपपुढे दुय्यम ठरायला हवी. ऐकताना तसं होत नाही. थोडी खरखर त्याने मुद्दाम राहू दिली आहे आणि तिच्याबरोबर हवाही राहिली आहे. आवाज गोलाईचा, उबदार, मधल्या पट्टीत भरीव. याच आवृत्तीने माझा जुना निकाल फिरवला. बाई करकरीत नव्हत्याच, असं मी छातीठोकपणे म्हणू लागलो.

ते म्हणणंही फार टिकलं नाही. २०१३मध्ये ईएमआयचा शास्त्रीय संगीताचा ठेवा वॉर्नरकडे गेला आणि २०१४च्या सप्टेंबरात कॅलासची १९४९ ते १९६९मधली सगळी स्टुडिओ ध्वनिमुद्रणं एका संचात आली, ६९ सीडी. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत मूळ टेपवरून, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर नव्याने उतरवलेली. चर्चमधला प्रसंग इथे पहिल्यांदा उलगडतो. ऑर्गन आणि समूहगान यांचा लगदा होत नाही, घंटांना धातूचा नाद येतो. ऑर्केस्ट्रा मोकळा होतो, दे साबाता किती बारकाईने आवाज चढवत नेतो ते कळतं. आणि या मोकळेपणात कॅलासच्या उंच स्वरांतली थरथर, तो किंचित धातूचा कंगोरा, स्वच्छ ऐकू येतो. इथे त्याचा दोष यंत्रावर टाकता येत नाही. म्हणजे नॅक्सोसच्या आवृत्तीतली सगळी गोलाई बाईंची नव्हती. काही तबकडीची होती, काही ओबर्ट-थॉर्नच्या रुचीची. माझा पहिला निकाल चूक होता, आणि तो उलटवणारा दुसराही पुरता बरोबर नव्हता.

तंबोऱ्याचं उदाहरण इथे कामी येतं. जवारी चांगली लागली की तारेतून जो बारीक झंकार उठतो, तो न सरावलेल्या कानाला खरखर वाटू शकतो. घोडीवरचा दोरा काढून घेतला की ती खरखर जाते. तंबोराही जातो. कॅलासच्या गळ्यात अशी जवारी होती. ती जास्त उजळली की पत्रा होतो, पुसली की एक गोड, सामान्य सोप्रानो उरते. यातला धोका तांत्रिकही आहे. सळसळ काढणारी साधनं टेपच्या गाणंरहित जागेतून सळसळीचा नमुना घेतात आणि तो सगळीकडून वजा करतात. पण श्वास, 'स'कारातला वारा, स्वर संपल्यावर हवेत रेंगाळणारं त्याचं शेपूट हे सगळं सळसळीच्याच प्रांतात राहतं. गवत कापताना ही रोपटीही कापली जातात.

तिसरी जागा ऐकताना हे सर्वांत जास्त जाणवतं. ज्याच्यापुढे सगळं रोम थरथर कापायचं तो माणूस पायाशी मरून पडलाय, आणि तोस्का ते एका सपाट स्वरावर म्हणते. या ओळीसाठी दे साबाताने कॅलासला अर्धा तास राबवलं असं सांगतात. अति स्वच्छ केलेल्या प्रतीत ती ओळ काळ्या पोकळीतून येते, आधी काही नाही आणि नंतरही काही नाही. तबकडीवर आणि जुन्या सीडीवर तिच्याभोवती सळसळ आहे, म्हणजे एक खोली आहे, खोलीत प्रेत आहे. २०१४च्या आवृत्तीत ही खोली बरीचशी शाबूत आहे, आणि तिच्या तंत्रज्ञांच्या संयमाचं मला याच जागी कौतुक वाटतं.

यातलं उत्तम कोणतं, असं विचाराल तर एकच घ्यायची झाली तर २०१४ची घ्या. पण माझं म्हणणं त्यापलीकडे आहे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या आवृत्तीत संपादकांनी न स्वीकारलेले पाठही तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले, फेकून दिले नाहीत. एखादी पोथी भ्रष्ट असली तरी दुसरीतली चूक तिच्यामुळे पकडता येते. ध्वनिमुद्रणाचं असंच आहे. गायिकेचं काय आणि टेपचं, सुईचं, तंत्रज्ञाचं काय, हे कोणतीही एक प्रत सांगू शकत नाही. ते दोन प्रतींच्या मधल्या फरकात ऐकू येतं. मला कॅलास कळली ती नॅक्सोस आणि वॉर्नर यांच्या मधल्या फटीत.

आणि ती फट आता बुजत चालली आहे. मोबाइलवर नाव टंकलं की बहुतेकदा समोर येते ती हक्कदार कंपनीची ताजी प्रत. नवी आली की जुनी मागे पडते, कधी दिसेनाशी होते, आणि बदल झाला हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून घरातली जुनी कोणी परत मागत नाही. इथे तसंच काहीसं घडतं. पन्नास वर्षांनी कोणी मुलगी कॅलासबद्दल मत बनवेल, ते त्या वेळच्या एकमेव प्रतीवरून बनवेल, माझ्या कॅसेटवरून मी बनवलं तसं. फरक इतकाच की मला ताडून पाहायला दुसरी प्रत मिळाली.

मित्राची ती कॅसेट मी टाकलेली नाही. ती भ्रष्ट पोथी आहे, आणि माझ्या चुकीचा पुरावाही. गेल्या महिन्यात शोधून लावली. पत्रा अजून वाजतो. आता त्यातला बाईंचा वाटा कुठे सुरू होतो, ते थोडंफार ऐकू येतं.