विद्यार्थिनी-मातेचा प्रश्न : काही मराठी स्त्री-आत्मकथनांचे पुनर्वाचन

स्त्रियांच्या आत्मचरित्रांविषयी मराठीत जी समीक्षा झाली आहे, तीत ‘त्याग’ आणि ‘जिद्द’ हे दोन शब्द इतक्या सहजपणे वापरले जातात की त्यांच्या आड काय दडले आहे, हे पाहण्याची तसदी समीक्षक सहसा घेत नाही. अंगावर मूल असताना एखादी स्त्री शिकली, असे आत्मचरित्रात वाचले की समीक्षक तिच्या जिद्दीला वंदन करून पुढच्या प्रकरणाकडे वळतो. ती वर्गात बसली असता मूल कोणाजवळ होते, त्याच्या दुधाचा आणि औषधाचा खर्च कोणी सोसला आणि ज्याने सोसला त्याने मोबदल्यात काय मागितले, हे प्रश्न त्याच्या लेखी वाङ्मयबाह्य ठरतात. वस्तुतः ही आत्मचरित्रे ज्या ताणातून निर्माण झाली, त्या ताणाचा उगम पुष्कळदा ह्याच प्रश्नांत आहे. प्रस्तुत लेखात अशा दोन-तीन लेखनांचा ह्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

हा विचार कोल्हापुरात बसून करण्याला काही अर्थ आहे. विद्यार्थ्याच्या पोटाचा प्रश्न सुटल्यावाचून त्याच्या डोक्याचा प्रश्न सुटत नाही, हे तत्त्व ह्या नगरीने फार लवकर ओळखले. १९०१ साली येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच वर्षी जैन बोर्डिंगही. पुढे मुसलमान, लिंगायत व अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. मिस क्लार्क होस्टेल हे १९०८ सालचे. शाहू छत्रपतींनी नुसत्या फीमाफीवर समाधान मानले नाही. फी माफ झाली तरी शिकणारा मुलगा राहणार कोठे आणि जेवणार काय, हा पुढचा प्रश्न त्यांनी संस्थानाचा मानला. शिक्षणाच्या अर्थकारणाची इतकी स्पष्ट जाण त्या काळातील फार थोड्या राज्यकर्त्यांना होती.

तथापि ह्या वसतिगृहांमागे विद्यार्थ्याची जी प्रतिमा उभी आहे, ती नीट न्याहाळली पाहिजे. तो मुलगा आहे, एकटा आहे आणि त्याची सारी जबाबदारी इतरांवर आहे; त्याच्यावर कोणाचीही नाही. जातीच्या भिंतीवर ह्या प्रतिमेने प्रहार केला, ही तिची थोरवी. पण शिकणारी व्यक्ती स्वतःच कोणाचे तरी संगोपन करीत असेल, ही शक्यता तिच्यात सामावत नाही. कोल्हापूरच्या ह्याच वातावरणात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याचे वसतिगृह चालविले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही दिले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. ती आपण नेहमी दातृत्वाची कथा म्हणून सांगतो. तिचा दुसरा अर्थ असा की वसतिगृह ही मुळात एक संगोपन-संस्था होती आणि तिचा भार एका स्त्रीने विनावेतन वाहिला. ह्या व्यवस्थेत आईला स्थान होते ते चुलीपाशी, बाकावर नव्हते. (हे लिहिताना लक्ष्मीबाईंच्या कार्याला उणेपणा आणण्याचा हेतू नाही; आपण त्याला जे नाव देतो, त्या नावाविषयी शंका आहे.)

आई असलेली विद्यार्थिनी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात प्रथम ठळकपणे दिसते ती पंडिता रमाबाईंच्या रूपाने. त्यांची कन्या मनोरमा १८८१ च्या एप्रिलमध्ये जन्मली आणि पुढच्याच वर्षी रमाबाईंना वैधव्य आले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा मूल दोन वर्षांचे होते. प्रवासखर्चाची तजवीज त्यांनी केली ती ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) ह्या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून. त्या पुस्तकात अपत्यांच्या संगोपनावरही एक प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांना आश्रय दिला. हिंदुस्थानात काम करण्यासाठी येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे, असा त्या बदल्यातला ठराव होता. म्हणजे भाषेचे अध्यापन देऊन अन्न, निवारा आणि मुलीची देखभाल मिळवावयाची. पुढे १८८४ पासून चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या विद्यार्थिनीही होत्या आणि संस्कृतच्या अध्यापिकाही.

ह्या काळातील त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ साली तो प्रसिद्ध झाला. त्याचे वाचन आपल्याकडे बहुधा धर्मचिकित्सेच्या अंगाने होते आणि ते योग्यच आहे. ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याच्या सिद्धान्तावर रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी जो वाद घातला, तो एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रीच्या बौद्धिक स्वातंत्र्याचा एक उत्तम पुरावा आहे. परंतु ह्या वादाची एक बाजू सहसा दुर्लक्षिली जाते. मनोरमेला काय शिकवावे आणि कोणत्या श्रद्धेत वाढवावे, हा त्या पत्रांतील वारंवार उफाळणारा मुद्दा आहे. ज्यांच्या छपराखाली मूल झोपते, त्यांना त्याच्या मनावरही हक्क सांगावासा वाटतो. आपल्याला न पटलेले सिद्धान्त मुलीच्या मनावर बिंबविले जाऊ नयेत, हा रमाबाईंचा आग्रह भगिनींना अहंकाराचा वाटला. आश्रितेने अटी घालाव्यात, हे त्यांना रुचणारे नव्हते.

येथे दोन प्रकारच्या साहाय्यांतील भेद स्पष्ट होतो. उपकार म्हणून मिळालेले साहाय्य आणि हक्क म्हणून मिळालेले साहाय्य ह्यांत रकमेचा फरक नसेलही. फरक पडतो तो घेणाऱ्याच्या बोलण्यात. रमाबाईंची पत्रे ह्या दृष्टीने वाचली असता असे दिसते की त्या एकाच वेळी ऋणाईत म्हणून नम्र आणि आई म्हणून ठाम राहण्याचा प्रयत्न करीत आहेत आणि वाक्यरचनेतच ह्या दोन भूमिकांची ओढाताण होत आहे. आभाराचे वाक्य संपते न संपते तोच नकाराचे वाक्य येते. ह्या शैलीला ‘तेजस्वी’ असे विशेषण लावून समीक्षक मोकळे होतात. ती तेजस्वी आहेच. पण तिचे कारण स्वभावात जितके आहे, तितकेच परिस्थितीत आहे. १८८६ मध्ये रमाबाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा मनोरमा त्यांच्याबरोबर होती. पुढे तेथील काम वाढले आणि त्या पाच वर्षांच्या मुलीला परत इंग्लंडला पाठवावे लागले. ज्यांच्याशी तिच्या शिक्षणावरून वाद झाला होता, त्यांच्याच स्वाधीन तिला करावे लागले, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ (१९२८) हे लेखन अगदी निराळ्या प्रकृतीचे आहे. रमाबाईंच्या ठिकाणी विद्वत्ता होती. पार्वतीबाई वयाची पंचविशी उलटल्यावर धुळाक्षरांच्या थोड्या पुढे सरकलेल्या एक कोकणी विधवा. विसाव्या वर्षी वैधव्य आले आणि पदरी मुलगा. त्यांना मार्ग सापडला, कारण त्यांची बहीण गोदूबाई – पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे – हिचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला होता आणि त्या घराचे दार ह्या मायलेकरांना उघडे होते. १८९६ साली निघालेल्या अनाथ बालिकाश्रमाशी पार्वतीबाईंचे आयुष्य पुढे कायमचे जोडले गेले.

‘माझी कहाणी’ची भाषा साधी, काहीशी कोरडी आहे. ह्या कोरडेपणाचे कौतुक ‘निरागस प्रांजळपणा’ म्हणून होत आले. मला ते अपुरे वाटते. पार्वतीबाई मुलाविषयी थोडे लिहितात आणि संस्थेविषयी पुष्कळ. ह्याचा अर्थ मुलाची ओढ कमी होती, असा नव्हे. ज्या समाजाने विधवेला शिकावयास परवानगी दिली, ती एका अलिखित अटीवर दिली : तिने शिकावे ते लोकसेवेसाठी. स्वतःच्या मुलाला वाढविण्यासाठी शिकते, असे म्हणणाऱ्या स्त्रीला वर्गणी कोणी दिली असती? आणि पार्वतीबाई तर जन्मभर वर्गणी गोळा करीत हिंडल्या. त्यासाठी व इंग्रजीसाठी १९१८ साली अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी मोलाने राबल्या. त्यांच्या आत्मकथनात आई मागे सरते आणि कार्यकर्ती पुढे येते, ती ह्या व्यवहारामुळे. निवेदनाचा हा तोल समजून घ्यावयाचा तर देणगीदार वाचकाची सावली पुस्तकभर गृहीत धरली पाहिजे.

बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) ह्याच्या जोडीला ठेवून वाचावे. ज्या घराने इतरांच्या शिक्षणाचा भार पेलला, त्या घराच्या गृहिणीची ती बाजू आहे आणि तिच्या फटकळ बोलीत हिशेब स्पष्ट येतो. पैसा बाहेरच्या कार्याकडे जातो आणि घरातल्या तोंडांची संख्या वाढते. एका बहिणीचे शिक्षण दुसरीच्या कष्टांवर उभे राहिले, हे ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. आणि आपल्या अभ्यासक्रमांत ती शेजारी ठेवली जात नाहीत.

अर्धशतकाहून अधिक काळानंतर आलेल्या उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आश्रम नाही, भगिनीमंडळ नाही, उपकारकर्ताही नाही. सरकारी नोकरी आहे, पगार आहे, शहरातले छोटे घर आणि मुले आहेत. लग्नानंतर, मुले झाल्यावर लेखिका मराठी विषय घेऊन एम. ए. करते आणि घरातून विरोध होतो तो ह्याच मुद्द्यावर, की शिकण्यापेक्षा मुलांकडे व संसाराकडे पाहावे. दलित स्त्रीचे आत्मकथन म्हणून ह्या ग्रंथाची चर्चा विपुल झाली. परंतु त्यातील विद्यार्थिनी कोणत्या तासांत अभ्यास करते, हा प्रश्न जातीच्या आणि लिंगभेदाच्या चर्चेत मध्येच कोठेतरी हरवला. रमाबाईंना निदान भांडावयास समोर कोणीतरी होते. येथे विद्यापीठ नावाची संस्था मुलांच्या प्रश्नावर केवळ अनुपस्थित आहे. साराच संघर्ष नवरा-बायकोच्या बोलाचालीत आकुंचित होतो. ‘आयदान’मधील ह्या भागाचा कडवटपणा व्यक्तिगत आहे असे म्हणणाऱ्यांनी ही अनुपस्थिती लक्षात घ्यावी.

आज ती अनुपस्थिती संपली आहे काय? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी नियमांची संहिताही वाङ्मयीन संहितेइतकीच बारकाईने वाचली पाहिजे. विशेषतः तिची क्रियापदे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच. डी. विषयक २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या विनियमांत स्त्री-संशोधकाला संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा ‘देता येईल’ असे म्हटले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेसाठी आणि उपस्थितीतील सवलतीसाठी योग्य ते नियम करावेत, असे विद्यापीठांना कळविले. उलट कर्मचारी स्त्रियांच्या प्रसूतिलाभाविषयीचा कायदा पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर ‘असलेच पाहिजे’ असे सांगतो आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा देतो. विद्यापीठातील कर्मचारी स्त्री ह्या दुसऱ्या क्रियापदाखाली येते. तिच्याच शेजारच्या खोलीत बसणारी विद्यार्थिनी पहिल्या क्रियापदाखाली. ती कर्मचारी नाही, एवढाच तिचा दोष.

शिवाय रजा म्हणजे वेळ, पैसा नव्हे. ज्या संशोधिकेला अधिछात्रवृत्ती आहे, तिची गोष्ट निराळी. जिला ती नाही, तिला २४० दिवस मिळतात ते रिकाम्या हाताने. आणि एम. ए.च्या विद्यार्थिनीला उपस्थितीच्या टक्केवारीशी झगडावे लागते. २०२३ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मेरठच्या विद्यापीठातील एका एम. एड्. विद्यार्थिनीच्या प्रकरणी तिच्या मागणीचा फेरविचार करण्याचा आदेश दिला, तो ह्याच कारणाने : उच्च शिक्षण आणि मातृत्व ह्यांपैकी एकाची निवड करण्यास स्त्रीला भाग पाडता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्णतः माफ केले. हा निर्णय मोठा आहे. पण त्यातील लाभार्थी ‘मुलगी’ आहे, आणि तिची पात्रता ठरते ती कुटुंबाच्या उत्पन्नावरून. १९०१ सालची विद्यार्थ्याची प्रतिमा लिंग बदलून येथे पुन्हा भेटते. जर्मनीतील विद्यार्थी-साहाय्याच्या कायद्यात चौदा वर्षांखालील मुलासाठी वेगळा मासिक भत्ता आहे आणि इंग्लंडमध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्याला उत्पन्नानुसार पाळणाघराच्या खर्चाचा मोठा भाग मिळू शकतो. ह्या देशांची संपन्नता आपल्याजवळ नाही, हे खरे; परंतु त्यांच्या अर्जात मुलासाठी एक रकाना आहे आणि रकाना छापावयास संपन्नता लागत नाही.

कर्मवीरांच्या परंपरेतून आलेली ‘कमवा व शिका’ ही कल्पना शिवाजी विद्यापीठाने आपली मानली आहे. तिचा आधार असा की गरीब विद्यार्थ्याजवळ पैसा नसला तरी वेळ असतो. तो त्याने विकावा. आई असलेल्या विद्यार्थिनीला हे गृहीत लागू पडत नाही. तिचा वेळ आधीच गहाण आहे आणि एक तास कमवावयाचा तर त्या तासापुरते मूल कोणाच्या तरी हवाली करावे लागते. कमाई आणि खर्च एकाच घड्याळावर चालतात. येथे कोणी सुचवील की विद्यापीठाच्या पाळणाघरातील कामच ह्या योजनेखाली आणावे. ह्यावर आक्षेप असा की तान्ह्या मुलांची देखभाल अप्रशिक्षित हातांत देता येत नाही. आक्षेप रास्त आहे. मात्र प्रशिक्षित दाई वेतनावर नेमून तिच्या हाताखाली साहाय्यक म्हणून विद्यार्थी – आणि मुद्दाम मुलगेही – ठेवता येतील, आणि ज्या विद्यार्थिनीचे मूल तेथे आहे तिच्याकडून त्याबद्दल मराठीचे धडेही मागावयाचे नाहीत आणि कृतज्ञताही.