लुब्लिनची वेस आणि परत आलेली पत्रे

पोलंडमधील लुब्लिन नगरात 'ग्रोद्स्का वेस – नाट्यगृह एन. एन.' या नावाची एक संस्था आहे. तिच्या कार्याचा परामर्श वाङ्मयविषयक नियतकालिकात कशासाठी, अशी शंका काही सभासदांस येणे स्वाभाविक आहे. तथापि या संस्थेचा उगमच एका नाटकमंडळीत झाला. तोमाश प्येत्राशेविच यांनी ती १९९० साली स्थापन केली आणि पुढे तिला जुन्या नगराच्या मोडकळीस आलेल्या वेशीत जागा मिळाली. पत्र, निवेदन, नामावली आणि प्रसंगी मौन ही तिची साधने आहेत. ज्याची साधने शब्दांची, त्याची परीक्षा शब्दांच्या कसोटीवर करावयास हरकत नसावी.

या वेशीच्या एका बाजूस ख्रिस्ती लोकांचे गाव होते आणि दुसऱ्या बाजूस ज्यूंचे, म्हणून तिला 'ज्यू वेस' असेही म्हणत. महायुद्धापूर्वी नगराच्या सुमारे एक लक्ष वीस हजार वस्तीत ४३,००० ज्यू होते. सोळाव्या शतकापासून येथे हिब्रू ग्रंथ छापले जात, आणि १९३० साली येथे उघडलेल्या धर्मविद्यापीठाची कीर्ती दूरवर होती. १९४२ च्या मार्च महिन्यातील १६ तारखेच्या रात्री जर्मनांनी येथील ज्यू वस्ती रिकामी करण्यास आरंभ केला. सुमारे महिन्याभरात अदमासे २८,००० माणसे बेल्झेत्स येथील संहारछावणीत पोहोचविण्यात आली. मागे उरलेल्यांपैकी बहुतेकांचा अंत नगरालगतच्या मायदानेकच्या छावणीत किंवा अन्य ठिकाणी झाला. घरेही पाडली गेली. युद्धानंतर त्या जागेवर १९५४ साली एक ऐसपैस गोल चौक बांधण्यात आला. त्याखाली शेरोका नावाचा ज्यूंचा मुख्य रस्ता होता, हे चौकात उभे राहून कोणास सांगता येणार नाही. प्येत्राशेविच आणि त्यांचे सहकारी वेशीत राहावयास आले, तेव्हा त्यांनाही याची कल्पना नव्हती. ती मंडळी ज्यू नव्हती. ज्यांचे गाव गेले ते आणि ज्यांनी त्याची आठवण जपावयास घेतली ते असे निराळे आहेत. येथे आम्हांस कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीचे स्मरण होते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि ते गेल्यानंतर त्यांच्या स्मृतीचा स्तंभ कोल्हापुरात उभा आहे. तथापि हे साम्य येथेच संपते. ती माणसे जिवंत परत निघाली होती.

संस्थेचा सर्वांत गाजलेला उपक्रम म्हणजे 'हेन्योस पत्रे'. हेन्यो झितोमिर्स्की हा १९३३ साली लुब्लिनमध्ये जन्मलेला मुलगा. १९३९ च्या जुलैत, सहा वर्षांचा असताना, एका बँकेच्या दाराशी उभा राहून त्याने हसतमुखाने छायाचित्र काढवून घेतले. ते त्याचे अखेरचे छायाचित्र होय. पुढे तो मायदानेक येथे मारला गेला. दरवर्षी १९ एप्रिल रोजी पोलंडमध्ये ज्यू संहाराचा स्मरणदिन पाळतात. त्या दिवशी शाळांतील मुले त्याच्या कोवाल्स्का रस्त्यावरील पत्त्यावर पत्रे पाठवितात. टपालखाते ती 'पत्त्यावरील इसम अज्ञात' असा शेरा मारून परत करते.

ही कल्पना कोणाही शिक्षकास भुरळ घालील अशी आहे, आणि तिचा कळसाध्याय तो शेराच आहे यात संशय नाही. मुलाच्या हाती पडणारा तो शिक्का कोणत्याही पाठापेक्षा अधिक शिकवितो. परंतु आम्ही येथे थोडे थांबू इच्छितो. आपल्या रसचर्चेत करुणाच्या आस्वादासाठी साधारणीकरण आवश्यक मानले आहे. व्यक्तीचे विशेष गळून पडतात आणि शोक सर्वांचा होतो. हेन्योच्या बाबतीत हेच होण्याचा धोका आहे. त्याला नाव आहे, हसरा चेहरा आहे, निरागस वय आहे. म्हणजे करुण रसाची सारी सिद्ध सामग्री आहे. पत्र लिहिणारा विद्यार्थी त्याच्याशी बोलता बोलता स्वतःच्याच सहृदयतेशी बोलू लागतो. विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस हे अधिक सांगणे नलगे. शिवाय मृत बालकावर प्रेम करणे सोपे असते. हेन्योच्या शेजारचा कर्जबाजारी, भांडखोर चर्मकार आपण कल्पिला, तर त्यास किती पत्रे गेली असती?

या दोषाचे उत्तर मात्र त्याच इमारतीत आहे, आणि आमच्या मते ते त्या पत्रांहून श्रेष्ठ आहे. नगरातील प्रत्येक ज्यू रहिवाशासाठी एक, याप्रमाणे ४३,००० संचिका संस्थेने फडताळांत मांडल्या आहेत. काहींत नाव, पत्ता, धंदा एवढे मिळाले आहे. अनेकांत काहीच नाही. दुसरीकडे, बाजारचौकातील एका घराच्या माळ्यावर युद्धपूर्व काळातील सुमारे २,७०० काचेची छायाचित्रे सापडली. त्यांवर चेहरे आहेत, पण त्यांतील फारच थोड्यांची नावे कळतात. म्हणजे एका दालनात चेहऱ्याविना नावे आणि दुसरीकडे नावांविना चेहरे! यांची गाठ घालून द्यावी असा मोह कोणाही कथालेखकास होईल. तो मोह संस्थेने आवरला आहे, आणि हा तिचा मोठाच वाङ्मयीन संयम आम्ही मानतो. येथे साधारणीकरण होतच नाही. रिकामी संचिका रिकामीच राहते, आणि तिच्यासमोर वाचकास रडण्याचीही सोय नसते.

२००० सालच्या एका नाट्यविधीत ख्रिस्ती मंदिराच्या आणि पाडलेल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या जागेवरील माती माणसांच्या रांगेतून हातोहात वेशीपर्यंत आणून एकत्र करण्यात आली. रांगेत संहारातून वाचलेले ज्यू होते, तसेच त्यांस आश्रय देणारे पोलिश लोकही होते. प्रयोग भव्य खराच. तरी आश्रय देणारे जसे होते, तसे पाठ फिरविणारे, पकडून देणारे आणि रिकाम्या घरांतील सामान उचलणारेही पोलंडात होते, आणि अशा रांगेत त्यांस जागा असू शकत नाही. संस्थेने जमविलेल्या वृद्ध नगरवासीयांच्या ध्वनिमुद्रित साक्षी आम्हांस म्हणूनच अधिक मोलाच्या वाटतात. बोलणारा माणूस कोठे अडखळतो हे मुद्रण लपवीत नाही. २०१८ साली पोलंडमध्ये या विषयावरील काही विधानांस शिक्षा ठेवणारा कायदा झाला आणि काही महिन्यांतच त्यातील शिक्षेचे कलम वगळावे लागले. तेव्हा हे अडखळणे आजही केवळ म्हाताऱ्यांचे नाही.

एक गोष्ट राहिली. लुब्लिनचे ज्यू केवळ मेले नाहीत, ते लिहीतही होते. यिद्दिश कवी याकोव्ह ग्लाटश्टाइन १८९६ साली येथेच जन्मला आणि ऐन तारुण्यात अमेरिकेस गेला. आयझॅक बॅशेव्हिस सिंगर येथला नव्हे, पण त्याच्या 'लुब्लिनचा जादूगार' या कादंबरीने या नगराचे नाव जगभर नेले. तिचा नायक कुलूप उघडणारा, स्त्रियांच्या नादी लागणारा, धर्मापासून सुटू पाहणारा आणि अखेर स्वतःस विटांच्या कोठडीत चिणून घेणारा आहे. त्याला पत्र लिहावयास कोणी शाळा सांगणार नाही. वेशीतील मंडळी या वाङ्मयास विसरलेली नाहीत. २०११ पासून सिंगरच्या वाटेने आसपासच्या गावांतून एक उत्सव त्या भरवितात. शाळांपर्यंत मात्र हेन्यो सहज पोहोचतो आणि जादूगार वाटेतच राहतो. हा दोष आम्ही संस्थेच्या माथी मारीत नाही. तो आम्हां शिक्षकांचा आहे. सहा वर्षांच्या मुलाचे छायाचित्र फळ्यावर लावता येते. जादूगारास वर्गात न्यावयाचे तर कादंबरी आधी स्वतः वाचावी लागते.