एकवीस दिवस आणि दहा वर्षं

मॅक्सवेल मॉल्ट्झ यांचं ‘सायको-सायबरनेटिक्स’ (१९६०) आपल्याकडे व्यक्तिमत्त्व-विकासाच्या पुस्तकांत सापडतं. ‘कुठलीही सवय २१ दिवसांत लागते’ या सुविचाराचं मूळ इथेच आहे. पण मॉल्ट्झ न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन होते. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान एवढे दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. सुविचार होताना त्यातला ‘निदान’ गळाला.

पुस्तकाचा सुरुवातीचा भाग मला आजही महत्त्वाचा वाटतो. शस्त्रक्रिया नीट पार पडली, घरच्यांना फरक दिसला, तरी काही रुग्ण म्हणत राहतात, मी होते तशीच आहे. आपल्या कौशल्याची मर्यादा एका सर्जनने इतकी उघड लिहावी, ही साधी गोष्ट नाही.

माझी तक्रार पुढच्या पानांशी आहे. स्वप्रतिमा बदला, मनातल्या मनात यशाची तालीम करा, हा उपदेश सुरू होतो आणि ते असमाधानी रुग्ण मागे पडतात. त्यांच्या जागी विक्रेते आणि खेळाडू येतात. दिसण्यातल्या नसलेल्या किंवा क्षुल्लक दोषाने पछाडलेल्या माणसांचं वर्णन एन्रिको मॉर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने १८९१मध्येच केलं होतं. या आजारात शस्त्रक्रियेने क्वचितच समाधान होतं आणि आत्महत्येचा धोका मोठा असतो. मॉल्ट्झ यांच्या मांडणीत मात्र आजाराला जागाच नाही. प्रतिमा बदलली नाही, तर सराव कमी पडला! आधीच आरशापुढे हरलेल्या माणसाच्या पदरात ही आणखी एक हार.

मागे पडलेल्या रुग्णांचं पुढे काय होतं? याचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं. १९६५ ते १९९३ या काळात सौंदर्यासाठी स्तनरोपण केलेल्या ३५२१ स्वीडिश स्त्रियांचा अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात सर्वसाधारण प्रमाणानुसार सुमारे ५ आत्महत्या अपेक्षित होत्या, झाल्या १५. नंतरच्या पाहणीत असं दिसलं की हा वाढीव धोका पहिल्या दहा वर्षांत नव्हे, त्यानंतर जाणवतो. रोपणामुळेच हे घडलं, असं यातून सिद्ध होत नाही. बहुतेक जणी समाधानी असतात, आणि काहींचं दुखणं शस्त्रक्रियेच्या आधीचंच असणार. पण मग ते शस्त्रक्रियेआधी कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न विचारण्याची सर्वांत चांगली संधी मॉल्ट्झ यांना होती. रुग्ण त्यांच्यासमोर बसून सांगत होते. त्यांनी ऐकलं, नोंदवलंही, आणि त्यातून निरोगी वाचकांसाठी पुस्तक केलं. ते आजही खपतं. त्यात २१ दिवसांचा हिशेब आहे, दहा वर्षांनंतरचा नाही.