पाचच गोळ्या भरा

रूगर कंपनीच्या 'सिंगल-सिक्स' रिव्हॉल्वरच्या नावातच सहा आहेत. तरी पहिली वीस वर्षं ते जवळ बाळगायची शहाणी रीत अशी होती, की भरायच्या पाचच. सहावं घर रिकामं ठेवायचं आणि घोडा त्यावर टेकवायचा. (मुंबईच्या बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, इथे घोडा म्हणजे फक्त मागचा हॅमर.)

आधीच सांगतो, मी रिव्हॉल्वर कधी हातात धरलेलं नाही. एनसीसीत .22 रायफलीतून मोजून काही गोळ्या झाडल्या, त्यातल्या बहुतेक मातीच्या ढिगात गेल्या. पण सुट्या भागांच्या आकृत्या बघत बसायची मला जुनी खोड आहे, आणि या रिव्हॉल्वरच्या आकृतीने मला फार दिवस सोडलं नाही.

त्या रायफलीची गोळी आणि सिंगल-सिक्सची गोळी एकाच जातीची: रिमफायर. काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी टिकली नसते, पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर आपटते. गोळी स्वस्त, धक्का नगण्य. सिंगल-ॲक्शन म्हणजे दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, तेव्हा सिलिंडर एक घर पुढे सरकतो. चापाला काम एकच, घोडा सोडण्याचं.

ही रचना 1873च्या कोल्ट 'सिंगल ॲक्शन आर्मी'ची, म्हणजे काउबॉय सिनेमातल्या रिव्हॉल्वरची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोल्टने ते बनवणं थांबवलं. मग टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचा पूर आला, लोकांना ते रिव्हॉल्वर हवं होतं आणि बाजारात नवं मिळत नव्हतं. कनेटिकटमधल्या साउथपोर्टला 1949 साली सुरू झालेल्या छोट्या कंपनीच्या बिल रूगरने ही फट बरोबर हेरली. 1953 साली सिंगल-सिक्स आलं: कोल्टसारखंच दिसणारं, अंगाने जरा लहान, .22चं.

आत मात्र त्याने बरंच बदललं होतं. कोल्टच्या पोटात पट्टीच्या स्प्रिंगा असत आणि त्या तुटत. रूगरने तारेच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा घातल्या. फ्रेम त्याने मेणाच्या साच्यावरून ओतली, आपल्याकडचे मूर्तिकार पितळ ओततात त्याच तत्त्वाने. त्यामुळे यंत्रावर कोरायचं काम कमी झालं. हे सगळं मला मनापासून आवडतं. बाहेरचं रूप तसंच ठेवून आतलं सगळं नव्याने लिहायचं, हे आमच्या धंद्यात क्वचित इतकं स्वच्छ जमतं.

एकच गोष्ट त्याने जुनी ठेवली आणि माझी तक्रार तिच्याबद्दल आहे. घोडा पूर्ण खाली असला की तो थेट फायरिंग पिनवर टेकलेला असे, आणि समोरच्या घरात गोळी असेल तर पिन आणि तिच्यामध्ये काहीच नसे. रिव्हॉल्वर हातातून निसटून घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू शकत होती. घोड्याला सुरक्षेची एक खाच होती, पण जोराच्या दणक्यापुढे तिचा भरवसा नव्हता. म्हणून पाचच.

यावरचा उपाय तेव्हा ठाऊक नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. आयव्हर जॉन्सन कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच घोडा आणि पिनच्या मध्ये येणारी सरकती पट्टी घालत होती. चाप पूर्ण ओढला तरच पट्टी वर येते आणि घोड्याचा घाव पिनपर्यंत पोचवते. त्यांच्या जाहिरातीत रिव्हॉल्वरच्या घोड्यावर चक्क हातोडा मारताना दाखवत. म्हणजे उपाय पन्नास वर्षं जाहिरातीतच होता. मग तो घेतला का नाही? माझं मत असं, की गिऱ्हाईक त्या टिक-टिक आवाजासाठी, घोडा अर्धा ओढून गोळ्या भरण्याच्या त्या रिवाजासाठी पैसे देत होतं. स्प्रिंग बदललेली कुणाला कळत नाही, रिवाज बदलला की लगेच कळतो.

मधल्या वीस वर्षांत आवृत्त्या बऱ्याच निघाल्या. हलक्या ॲल्युमिनियम फ्रेमची एक, 1964ची सरकवता येणाऱ्या नेमाची 'सुपर'. सगळ्यांत हुशार ती दोन सिलिंडरची 'कन्व्हर्टिबल'. 1959मध्ये विंचेस्टरचं .22 मॅग्नम काडतूस आलं. त्याच्याही नावात .22च, पण नळकांडं .242 इंच जाड, साध्याचं .226. एकाचं घर दुसऱ्याला चालत नाही, नळी मात्र दोघांना चालवून घेता येते. तेव्हा सिलिंडरच बदला! एवढा विचार करणाऱ्या माणसांना ती पट्टी सुचली नसेल, हे मला पटत नाही.

पट्टी आली 1973मध्ये, 'न्यू मॉडेल' म्हणून. फ्रेमच्या कडेचे तीन स्क्रू जाऊन दोन पिना आल्या, भरायचं झाकण उघडलं की सिलिंडर मोकळा फिरू लागला, आणि सहा गोळ्या खरोखर सहा झाल्या. रसिक नाराज झाले. त्यांची एक तक्रार रास्त आहे: सिलिंडर टिक वाजेपर्यंत फिरवला की घर थोडं पुढे गेलेलं असतं, आणि मागे घेता येत नाही. अख्खी फेरी पुन्हा मारावी लागते.

1979मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयासमोर याच यंत्रणेच्या थोरल्या भावाचा, .41 मॅग्नमचा खटला आला. न्यायालयाने दंडात्मक भरपाईची रक्कम घटवली, पण दंड मान्य केला. पुढे नळीवरच 'वापरण्याआधी पुस्तिकेतल्या सूचना वाचा' अशा अर्थाचा मजकूर कोरला जाऊ लागला. इतकं सुबक रिव्हॉल्वर आणि त्याच्या अंगावर वकिलाचं अक्षर! रसिक त्यावर हसतात. मला हसता येत नाही.

कारण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पैसे पाठवायच्या एका ॲपवर मी काम करत होतो. बटण दोनदा दाबलं तर पैसे दोनदा जात. दुरुस्तीला आठवडा लागला असता. मी बटणाखाली एक ओळ टाकली: 'कृपया एकदाच दाबा.' आणि तक्रार बंद केली, शेरा 'वापरकर्त्याची चूक'. नंतर एका किराणा दुकानदाराचे महिन्याच्या मालाचे पैसे दोनदा गेले. परत मिळेपर्यंत त्याने उधारीवर माल उचलला. त्याने ती ओळ वाचली होती. नेट अडखळलं, म्हणून त्याने पुन्हा दाबलं होतं.

1990च्या दशकातल्या हेरिटेज कंपनीच्या 'रफ रायडर'कडे बघून म्हणूनच मला चीड येते. त्यात घोडा अडवणारा खटका बाजूला लावलाय, पण तो आठवणीने लावायचा तुम्ही. रूगरच्याच 2019च्या स्वस्त 'रँग्लर'मध्ये ॲल्युमिनियमची फ्रेम आहे, पॉलिश नाही, रंगासारखा लेप आहे, तरी पट्टी आहे. दिसायला साधारण. मला तेच जास्त सुंदर वाटतं.

1982पासून रूगर जुनी तीन स्क्रूवाली रिव्हॉल्वरं फुकट दुरुस्त करून देते. ती पाठवायची, पट्टी बसून परत येतात. काढलेले जुने भागही सोबत परत मिळतात. पुष्कळांनी पाठवलेलीच नाहीत, कारण मूळ स्थितीतल्या नगाला संग्राहक जास्त पैसे मोजतात. आणि पाठवलेलं रिव्हॉल्वर विकायला निघालं की जुने भाग सोबत आहेत का, हे गिऱ्हाईक आवर्जून विचारतं.