कांजी आणि शब्द

जपानी शिकूं पाहणाऱ्याची पहिली झटापट होते ती कांजीशीं, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थचिन्हांशीं. जपान सरकारनें २०१० सालीं नित्य व्यवहारासाठीं ठरविलेल्या यादींत अशीं २,१३६ चिन्हें आहेत. एवढ्यानेंच पुष्कळांचा धीर सुटतो. अशा विद्यार्थ्यास जेम्स हायसिग यांच्या पुस्तकानें मोठाच आधार दिला. १९७७ सालीं निघालेलें हें पुस्तक आज 'रिमेंबरिंग द कांजी' या नांवानें ओळखलें जातें. चिन्हाचे घटक सुटे करावयाचे, त्यांची एखादी गोष्ट रचावयाची आणि तें चिन्ह एका इंग्रजी शब्दाशीं बांधून टाकावयाचें, ही त्यांची रीत. 'सूर्य' आणि 'चंद्र' शेजारीं बसले कीं 'तेजस्वी' होतें, हें एकदां वाचलेला मनुष्य सहसा विसरत नाहीं. पन्नाशी उलटल्यावर माझ्या हातून जीं चिन्हें न अडखळतां उमटतात, त्यांचें श्रेय या रीतीलाच आहे.

पण उच्चार त्यांनीं दुसऱ्या खंडावर टाकले, आणि माझा आक्षेप येथेंच आहे. चिन्ह म्हणजे शब्द नव्हे. 'पाणी' या अर्थाचें चिन्ह एकटें असतां 'मिझु' वाचावें लागतें. त्यापुढें 'वाट' हें चिन्ह आलें कीं 'सुइदो', म्हणजे नळाचा पाणीपुरवठा. मराठी वाचकाला याचें नवल वाटूं नये. आपणही घरांत पाणी म्हणतों, पण 'पाण्याशय' म्हणत नाहीं, जलाशय म्हणतों. 'पाणी' व 'जल' एकाच चिन्हानें लिहावयाचें ठरलें असतें, तर आपल्या मुलांनाही उच्चार शब्दावरूनच ठरवावा लागला असता. इंग्रजी 'वॉटर' तेवढा उराशीं धरून बसणाऱ्याला हें कळण्याचा मार्गच पहिल्या खंडांत नाहीं.

याहून बिकट प्रसंग एका तिकिटाच्या खिडकीशीं आला. दरपत्रकावर 'मोठा' आणि 'माणूस' अशीं दोन चिन्हें होतीं. 'मोठीं माणसें' म्हणजे प्रौढ, हा अर्थ मराठीच्या कृपेनें तत्काळ उमगला. पण सुटे पाठ केलेले उच्चार जोडून मीं 'दाइजिन' म्हटलें, आणि आंतील बाईंना हंसूं आवरेना. दाइजिन म्हणजे मंत्री! खरा शब्द 'ओतोना'. त्यांतला 'मोठा' कोठला आणि 'माणूस' कोठला, हें दाखवितां येत नाहीं. तो उच्चार त्या जोडीला मिळूनच दिलेला आहे.

'वीज' व 'बोलणें' मिळून 'देन्वा', म्हणजे टेलिफोन, असे सरळ उलगडणारे शब्दही पुष्कळ आहेत, आणि तेथें हायसिग यांची शिकवण फळते. परंतु 'श्रम' व 'बळकट' यांवरून 'बेन्क्यो' म्हणजे अभ्यास, हें कोण ओळखील? (वर्णन मात्र मला तंतोतंत पटतें.) म्हणून पुस्तक जवळ असावें, पण रोज दहा चिन्हें घोटण्यापेक्षां तीनच घ्यावींत, आणि तीं ज्या शब्दांत येतात ते शब्द उच्चारांसह त्याच पानावर लिहावेत.