रिंगणाचा पत्ता

मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या बाजाराला जी पत्रे धाडतात, त्यांतले एखादे उघडून, तिमाहीचे आकडे क्षणभर बाजूला सारून, आपण नुसता वरचा पत्ता वाचू. ‘न्यू ट्रेडिंग रिंग, रोटुंडा बिल्डिंग, पी. जे. टॉवर्स, दलाल स्ट्रीट’. ‘न्यू’ म्हणवणारी ती रिंग 1995 सालीच मुकी झाली, तरी पत्ता लिहिणाऱ्या हातांची सवय सुटलेली नाही. अशी ओळ शेवटाकडून वाचत जाण्यात गोडी आहे.

दलाल स्ट्रीट! फोर्टातल्या साहेबी नावांच्या गर्दीत हे नाव किती निःसंकोच उभे आहे पाहा. ज्यांनी ही गल्ली गजबजवली, त्यांच्या धंद्याचेच नाव तिने घेतले. 1874 च्या सुमारास दलालांना इथे ठाव मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्यांची नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन झाली. त्याआधी त्यांचे छप्पर वडाचे. 1850 नंतरच्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडांखाली मूठभर दलाल जमत. अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेच्या गिरण्या इकडच्या कापसाकडे वळल्या, मुंबईत पैसा पाण्यासारखा आला, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर बॅक बेच्या भरावाचे शेअर आभाळाला टेकले, आणि 1865 मध्ये युद्ध थांबताच सारा डोलारा कोसळला. घरेच्या घरे बुडाली. बाजार मात्र एका वडाखालून उठून दुसऱ्या वडाखाली जाऊन बसला.

त्या पहिल्या वडाशी आपण थोडे थांबू. त्याच्या सावलीला कडा असते, पण दार नसते. बुंध्याभोवती उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो, आणि तोंडातून गेलेला भाव चार जणांच्या कानांत साक्षीला राहतो. छापील करार, शिक्के, तारण हे सारे मागाहून आले. आधी आले ते हे वर्तुळ. ती मूळ जागा म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, तेही गोलच राहिले, याला योगायोग म्हणावे की स्थळाचा स्वभाव, हे ज्याने त्याने ठरवावे.

म्हणूनच पी. जे. टॉवर्सपुढे माझी नजर त्या 118 मीटरच्या मनोऱ्यावर फार वेळ ठरत नाही. 1980 च्या सुमारास पुरा झालेला, 1966 पासून अखेरपर्यंत बाजाराचे अध्यक्ष राहिलेल्या फिरोज जमशेदजी जीजीभॉय यांचे नाव मिरवणारा तो मनोरा भव्य आहे खरा. पण गल्ली इतकी चिंचोळी, की टोक पाहायचे तर मान मोडून घ्यावी लागते. मन रमते ते त्याच्या पायाशी बिलगलेल्या गोल रोटुंडात. उंचीची हौस मनोऱ्याने भागवली, सौद्याला मात्र काँक्रीटच्या युगातही पुन्हा वडाचाच आकार मिळाला. आत आपापले शेअर सांभाळून उभे असलेले जॉबर, भोवती दलालांचे कोंडाळे, गुजरातीत फुटणारे भाव, हवेत उंचावलेले हात, वहीत घाईघाईने खरडलेला सौदा: एवढा कल्लोळ, आणि तरीही त्यात कोणाचे कोणाला ऐकू येत नाही असे होत नसे. तेजी-मंदीचा कल आकड्याआधी आवाजाच्या पट्टीत कळतो, असे सांगणारे जुने लोक अतिशयोक्ती करत असतील, पण मला ती आवडते.

14 मार्च 1995 ला ‘बोल्ट’ ही संगणकीय सौद्यांची प्रणाली आली आणि सौदा पडद्यावर गेला. आंब्याच्या घाटाअलीकडे मलकापुरात बसलेल्या माणसाला आज मोबाइलवर तोच भाव दिसतो, जो दलाल स्ट्रीटवरच्या दलालाला दिसतो. यात न्याय आहे, हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्याच पडद्याने प्रादेशिक बाजारांचे प्रयोजनही पुसले. सदाशिव पेठेत कुमठेकर रस्त्यावर नांदलेला, 1982 साली जन्मलेला पुणे शेअर बाजार 2015 मध्ये मिटला. सेबीने 2012 मध्ये वर्षाला 1,000 कोटींच्या उलाढालीची अट घातली होती. गिऱ्हाईक मुंबईच्या पडद्यावर गेल्यावर पेठेतल्या बाजाराने ती आणायची कुठून?

पत्त्यात नाव नसलेला एक रहिवासी अजून राहिलाच. जानेवारी 2008 मध्ये बाजाराच्या दाराशी धडकेच्या पवित्र्यातला कांस्याचा बैल आला. तेजीचे हे चिन्ह विलायती, न्यूयॉर्कचा बैल त्याच्याआधीचा, हे खरे. पण हा घडवला सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी, आणि बेंदराला शिंगे रंगवून बैल मिरवणाऱ्या आपल्या मुलखाला तो परका वाटायचे कारण नाही. त्याच महिन्यात, 21 तारखेला, सेन्सेक्स एका दिवसात 1,400 अंशांहून अधिक घसरला. शुभ मुहूर्त पाहून लक्ष्मीपूजनाला सौदे करणाऱ्या बाजाराने त्या बैलाला तरीही दारातून हाकलले नाही. बाजाराच्या भाविकपणाहून मला ही विनोदबुद्धीच अधिक मोलाची वाटते.