‘चार’ म्हणजे नेमके किती?

मोजमाप म्हटले की आपल्याला पट्टी, तराजू, घड्याळ आठवते. आज असे एक मोजमाप बघू, जिथे माणसाचा हात हाच तराजू आहे. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवतात, गुडघा सरळ करायला सांगतात, वरून दाबतात आणि म्हणतात, ‘सोडू नका हं.’ मग कागदावर शून्य ते पाच यांतला एक आकडा पडतो. आम्ही तत्त्वज्ञानातले, वैद्यकातले नव्हे. आमचा प्रश्न एवढाच, की हा आकडा कशाचा आहे?

आधी पायऱ्या समजून घेऊ. ० म्हणजे स्नायूत काहीच नाही. १ म्हणजे बोटाखाली थरथर जाणवते, पण सांधा हलत नाही. २ म्हणजे अवयवाचे वजन तोलून धरले तर तो हलतो. ३ म्हणजे तो स्वतःचे वजन स्वतः उचलतो. ४ म्हणजे वरून दाबले तरी काही प्रमाणात टिकतो, आणि ५ म्हणजे नेहमीची पूर्ण ताकद.

या पद्धतीचे मूळ पोलिओत आहे. बॉस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट यांनी ती बसवली आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट यांनी १९१२ साली ती प्रसिद्ध केली. लव्हेट यांच्या नावाने चालणाऱ्या श्रेणीत शब्द होते : शून्य, किंचित, कमजोर, बरे, चांगले, नॉर्मल. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मज्जातंतूंच्या दुखापतींसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने पुस्तिका काढली. आज रूढ असलेले ० ते ५ हे आकडे तिच्यातले.

इथेच गोम आहे. ‘बरे’ आणि ‘चांगले’ यांची बेरीज कोणी करत नाही. ३ आणि ४ यांची मात्र आपण सहज करतो. १९४६ साली एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने मापनश्रेणींमधला भेद मांडला. काही आकडे फक्त क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. वर्गातला पहिला नंबर आणि दुसरा नंबर यांत किती गुणांचा फरक होता, हे नंबरावरून कळते का? नाही. स्नायूंच्या श्रेणीचेही तसेच.

शिवाय या श्रेणीत मध्येच साक्षीदार बदलतो. ३ पर्यंत साक्ष गुरुत्वाकर्षणाची असते, आणि ते कोणाची भीड धरत नाही. ३ च्या पुढे साक्ष परीक्षकाच्या हाताची. सडपातळ परीक्षक आणि पहिलवान रुग्ण समोरासमोर आले, तर ५ कोणाचे लिहिले गेले?

आता यात पणाला काय लागते ते बघा. बसून गुडघा सरळ करताना मांडीचा स्नायू फक्त नडगी आणि पाऊल उचलतो. ते जमले की ३. खुर्चीतून उठताना मात्र जवळजवळ सगळे शरीर उचलायचे असते. या दोन कामांमधला प्रचंड मुलूख एकट्या ‘४’ च्या नावावर आहे. त्यामुळे एखाद्या आजी महिनाभर घाम गाळून खरोखर सुधारतात, पण कागदावर काल ४, आज ४. किंवा त्या हळूहळू खचत जातात, तरीही ४ च.

अतिदक्षता विभागात १२ स्नायुगटांचे आकडे मिळवून ६० पैकी बेरीज काढतात. ४८ पेक्षा कमी आली तर अशक्तपणाचे निदान. हिशेब करा. बाराही गट ४ असतील तर ४८. दहा गट ५ आणि दोन गट पूर्ण लुळे, तर ५०! सगळीकडे सारखी पसरलेली अशक्तता टिपायला ही बेरीज उपयोगी पडते, हे मान्य. पण ती बेरीज म्हणजे ताकद नव्हे.

मग हाताची परीक्षा टाकून द्यायची का? मुळीच नाही. त्या हाताला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. रुग्ण दुखते म्हणून सोडतोय की ताकद नाही म्हणून, हेही बरेचदा त्या हातालाच कळते. आमचा आक्षेप हाताला नाही, हाताची साक्ष एका आकड्यात कोंबून बाकीची पुसून टाकण्याला आहे. ४ लिहा, पण शेजारी एक वाक्यही लिहा : दोन्ही बाजूंत फरक किती, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता आले, डायनॅमोमीटर असेल तर किती किलो.

आकडा हा निकाल नाही, तो साक्षीचा सारांश आहे. म्हणून कागदावर ‘४’ दिसला, की एक प्रश्न जरूर विचारावा : आजी खुर्चीतून हात न टेकता उठतात का?